पद्मिनीवरची टीका

आपल्याकडे टीका कशावर करायची याचे संकेत ठरलेले आहेत. कादंबरीवर करावी, नाटकावर करावी, सरकारवर तर सकाळच्या चहाबरोबर करावी. मोटारगाडीवर मात्र कोणी टीका करत नाही. तिची एक तर जाहिरात होते, नाहीतर तिला शिव्या बसतात, आणि या दोन्ही प्रकारांत गाडी खरोखर कशी आहे हे कळायला काही मार्ग राहत नाही. नवी गाडी आली की वर्तमानपत्रात तिचं परीक्षण येतं म्हणा, पण ते वाचताना मला लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाची आठवण येते. 'बाकी सगळं उत्तम, फक्त मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा जरा कमी आहे,' असं तिथं लिहिलेलं असतं. मुलगा सालस आहे, फक्त नोकरी नाही, त्यातलाच हा प्रकार.

जुन्या गाडीच्या नशिबी तेवढंही नाही. तेव्हा प्रीमियर पद्मिनी या मोटारीवर रीतसर टीका लिहावी असं मी ठरवलं. 'टीका' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक दोष काढण्याचा, तो आपण रोज वापरतो. दुसरा जुना, ग्रंथ उलगडून सांगण्याचा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, असं म्हटल्यावर माउलींनी गीतेला नावं ठेवली असं कोणी समजत नाही. मला इथं दोन्ही अर्थ लागू आहेत. आधी उलगडून सांगतो, मग नावं ठेवतो. ज्यांना घाई आहे त्यांनी उलट क्रमानं वाचलं तरी चालेल.

आता टीकाकाराच्या पात्रतेबद्दल. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेत कारकून. अक्षरवाङ्मयाशी माझा संबंध म्हणजे चेकवर अक्षरी लिहिलेली रक्कम. पण १९८४ साली बनलेली एक पद्मिनी गेली सहा वर्षं माझ्या मालकीची आहे आणि तिचा नट न् नट मी निदान एकदा तरी हातात घेतलेला आहे. किती समीक्षकांना आपल्या विषयाबद्दल असं म्हणता येईल? बँकेच्या दृष्टीनं मात्र या मालमत्तेची किंमत शून्य आहे. आमच्या कर्जखात्यातल्या मित्राला मी सहज विचारलं, की हिच्या दुरुस्तीसाठी काही कर्ज मिळेल का. तो म्हणाला, "अरे, आपण गाडीवर कर्ज देतो, आठवणींवर नाही."

तो चांगला माणूस आहे. पण पद्मिनीबद्दलचा सगळा गैरसमज त्या एका वाक्यात आहे, आणि तोच दूर करायला हा लेख.

कोणत्याही ग्रंथाची टीका करताना आधी कर्ता, काळ आणि नाव निश्चित करावं लागतं. पद्मिनीच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी घोळ आहे. मूळची ही इटलीतल्या तुरिनची. 'फियाट ११०० डी' या नावानं ती तिकडे १९६२ साली निघाली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनू लागली. तिच्या आधीची, पन्नाशीच्या दशकातली फियाट पाठीनं गोल आणि तोंडानं पुढं आलेली होती. तिला आपल्या लोकांनी कौतुकानं 'डुक्कर फियाट' म्हटलं. आपलं कौतुक हे असं असतं. पुढं १९७२ च्या सुमारास फियाटचं नाव निघून गेलं आणि गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली. लोकांनी या दोन्ही बारशांची दखल घेतली नाही. सासरी नाव बदललेल्या आत्याला माहेरी जशी जुन्याच नावानं हाक मारतात, तशी ही शेवटपर्यंत फियाटच राहिली.

पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीवरून ठेवलं असं सांगतात. जुन्या कामशास्त्रात स्त्रियांचे चार प्रकार दिले आहेत: पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी. त्या काळी आपल्या रस्त्यावरची दुसरी मोठी गाडी म्हणजे अँबॅसडर. या न्यायानं तिचं नाव काय ठेवायला हवं होतं ते मी सांगणार नाही. आमच्या सोसायटीत अजून एक अँबॅसडरवाले आहेत आणि ते पाण्याच्या टाकीची किल्ली सांभाळतात.

इटलीत ही ११०० मालिका १९६९ साली बंद झाली. आपल्याकडे तिचीच ही लेक नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. म्हणजे माझी गाडी जन्मानं १९८४ ची आणि संस्कारांनी १९६२ ची. ती कारखान्यातून बाहेर पडली त्याच्या आधीच, डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती. तेव्हा पद्मिनीवरचा पहिला आरोप, की ही जन्मतःच जुनाट होती, हा वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. प्रश्न दोष कुणाच्या नावे टाकायचा हा आहे, आणि नावे-जमा हा तर माझा धंदा.

मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर १९५९ पासून सरकारचा नियंत्रण हुकूम होता. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या ते परवाना ठरवी, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं बसे. मुलगा शाळेत असताना नंबर लावावा आणि त्याच्या लग्नात गाडी सजवावी, अशी घरं होती. आता ज्या खानावळीबाहेर अशी रांग लागली आहे, तिथला आचारी आमटीत बदल कशाला करील? आमटी पातळ झाली ती रांगेमुळे झाली. आचाऱ्याला मी सोडून देत नाही. पण चाळीस वर्षांनंतर लोक शिव्या घालतात त्या आमटीला, हे काही बरोबर नाही. तुरिनच्या लोकांनी १९६२ साली जी गाडी केली ती त्यांच्या काळाची चांगली, मध्यमवर्गी, काटकसरी गाडी होती. तिला तीस-पस्तीस वर्षं त्याच वर्गात बसवून ठेवलं आणि मग म्हणायचं की ही पोरगी मागं पडली.

असो. आता रूपाकडे वळू.

पद्मिनी दिसायला देखणी आहे का? समोरून ती नम्र दिसते. बऱ्याच नव्या गाड्या समोरून बघितल्या की त्या आपल्याकडे थकलेला हप्ता मागायला आल्यासारख्या वाटतात. पद्मिनीचे दोन गोल दिवे आणि मधली जाळी बघितली की समोर कुणीतरी चष्मा लावून पासबुक भरून घ्यायला उभं आहे असं वाटतं. मागं दोन बाजूंना जरा उचललेले पंख आहेत. अमेरिकन गाड्यांच्या पंखांची ती इटालियन, काटकसरी आवृत्ती. पुढच्या दारांना तिकोनी छोट्या काचा आहेत. त्या जरा फिरवल्या की गाडी चालू असताना थेट मानेवर वारा येतो. त्यानंतर मोटारीच्या शास्त्रात पुष्कळ प्रगती झाली, पण विजेशिवाय, आवाजाशिवाय, फुकट वारा देणारी ती काच कुणी परत आणली नाही.

गिअर स्टिअरिंगखाली, दांड्यावर. त्यामुळे पुढचं आसन सलग बाकासारखं आणि त्यावर तिघांची सोय. मधला माणूस हा बहुधा लहान मुलगा असे, आणि दुसरा गिअर टाकताना त्याच्या गुडघ्यावर टपली बसे. आज चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी माणसांना गिअर कोणता पडला हे आवाजावरून कळतं, ते गुडघ्यामुळे.

आता नावं ठेवतो म्हणालो होतो, ती ठेवतो. स्टिअरिंग जागच्या जागी वळवायचं म्हणजे जात्यावर दळण. गिअरची दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये इतके सांधे आहेत, की ते झिजले की वरून पाठवलेला हुकूम खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो. हा अनुभव बँकेत काम करणाऱ्याला नवा नाही. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ते लागतात, पण आधी कळवावं लागतं. घाटात इंजिन तापतं. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटी आणि हातात पाण्याचा डबा घेतलेले त्यांचे मालक हा एके काळी निसर्गसौंदर्याचाच भाग होता. पट्टे, हवेच्या पिशव्या, धडक बसली तर पुढचा भाग चेपून माणूस वाचेल अशी रचना, यातलं तिच्यात काही नाही. आजच्या वेगात आजच्या हमरस्त्यावर ही गाडी सुरक्षित आहे असं जो सांगेल तो तिचा मित्र नव्हे. ती चाळीस-पन्नासच्या वेगाची गाडी आहे आणि तिला त्याच वेगानं वाचावी.

एवढे दोष मीच काढल्यावर बाकीच्या टीकाकारांना काम उरू नये. पण ते आहेत, आणि त्यांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ भंगारवाद्यांचा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका या पंथाचे आद्य आचार्य. रविवारी मी गाडीखाली असलो की माझ्या पायांना उद्देशून ते विचारतात, "काय, कधी काढताय भंगारात?" हा पंथ गाडी वाचत नाही, फक्त छापल्याची तारीख बघतो.

दुसरा पंथ टॅक्सीवाद्यांचा. यांच्या लेखी पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, आणि टॅक्सी ही घरची गाडी कशी असेल? माझ्या मेहुण्यानं गाडी बघून पहिला प्रश्न विचारला तो "मीटर कुठाय?" असा. खरं म्हणजे हा आरोप नसून प्रशस्तिपत्र आहे. टॅक्सीवाला हा मोटारीचा सर्वात कठोर वाचक. तो गाडी दिवसातून दोन पाळ्यांत वाचतो, खड्ड्यांतून वाचतो, पावसात वाचतो आणि खर्च परवडला नाही तर दुसऱ्या दिवशी टाकून देतो. त्यानं एखादी गाडी चाळीस वर्षं टाकली नाही, याचा अर्थ साहित्य अकादमीला लवकर कळणार नाही, पण कारकुनाला कळतो.

तिसरा पंथ स्मरणरंजनवाद्यांचा, आणि मला सगळ्यात जास्त भीती या पंथाची वाटते. पहिले दोघे शिव्या देतात, त्यामुळे निदान गाडीला हात लावत नाहीत. हे लोक सिग्नलला काच खाली करून म्हणतात, "अहो, आमच्याकडे अश्शीच होती!" मग डोळे ओले करतात. एकदा एका गृहस्थांनी भर चौकात मागचं दार उघडून आतला वास घेतला. मी त्यांना घेऊ दिला. पण त्यांची ती गाडी कुठे गेली असं विचारलं तेव्हा म्हणाले, "दिली तेव्हाच. नवी घेतली ना." ज्याची आठवण येते ती वस्तू विकून आठवण तेवढी ठेवायची, हा हिशेब जमेचाच आहे, पण त्याला प्रेम म्हणू नये. या पंथाचे लोक पुढं पैसेवाले झाले की पद्मिनी विकत घेतात, तिला गुलाबी रंग देतात, चाकांना चकचकीत मिश्रधातूच्या रिंगा बसवतात, आत परदेशी इंजिन आणि वातानुकूलन घालतात आणि तिच्यापुढं उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढून घेतात. जुन्या नाटकाचं नाव, नवे संवाद आणि मधे नाच.

इथून मूळ मुद्द्याला हात घालतो. गाडी पूर्ववत करायची, म्हणजे नक्की कोणत्या पूर्वीवत?

हा प्रश्न पद्मिनीवाल्यांच्या फार आधी संत एकनाथांना पडला होता. ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. पुढच्या तीनशे वर्षांत नकलून घेणाऱ्यांनी तिच्यात इतके पाठभेद केले, की नाथांनी अनेक प्रती जमवून, ताडून, १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. कुठल्या ओव्या माउलींच्या आणि कुठल्या मधल्या उत्साही माणसाच्या, हे त्यांनी ठरवलं. नाथांशी बरोबरी करण्याचा माझा इरादा नाही. पण चाळीस वर्षांत माझ्या गाडीच्या पोथीवर निदान आठ-दहा गॅरेजांनी हात चालवले होते, आणि प्रत्येक लेखकानं आपापली ओवी घातली होती. हॉर्न ट्रकचा होता. मागच्या दिव्यातला होल्डर स्कूटरचा. वायरी तीन रंगांच्या, आणि कोणत्याही रंगाचा कशाशी संबंध नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला तर तिथं वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा झाळून लावलेला. त्यावर 'शुद्ध' एवढं अक्षर शाबूत होतं.

रंग खरवडला तेव्हा एकाखाली एक चार रंग निघाले, आणि रंगाखाली लांबी. किती लांबी? दाराच्या खालच्या कडेला पत्रा मुळी नव्हताच, नुसती लांबी दाराच्या आकारात उभी होती. ज्यांना स्वस्तात अशी गाडी घ्यायची आहे त्यांना माझा एवढाच सल्ला, की इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका. १०८९ सी.सी.चं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, ते पुन्हा बांधता येतं. इतकी वर्षं ते फारसं बदललंच नाही, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागतो. रांगेचा झाला तर हा एवढा फायदा झाला. तुम्ही आपले चुंबक खिशात घेऊन जा आणि दाराखाली, चाकांवरच्या कमानींत, डिकीच्या तळाला आणि बॅटरीच्या खाली लावून बघा. जिथं चुंबक चिकटत नाही तिथं लांबी आहे. माणसांच्या बाबतीतही हे करता आलं असतं तर आमच्या कर्जखात्याची वसुली सुधारली असती.

आमचे मिस्त्री कल्याणचे. वय एकाहत्तर. हाताखाली कधी काळी सहा पोरं होती, आता एक नातू. मिस्त्रींनी सगळा प्रक्षिप्त मजकूर एकेक करून काढला. मूळ भाग कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून आणले. जिथं ही गाडी जन्मली त्याच गावात आता तिचे अवयव मिळतात. कारखान्याच्या जागेवर वसाहती आणि इमारती उभ्या राहिल्या, पण 'प्रीमियर रोड' हे नाव तिथं अजून आहे. बसच्या पाटीवर वाचलं की माझ्या गाडीच्या वडिलांचं घर आल्यासारखं वाटतं.

सगळं काढता काढता मिस्त्री गिअरच्या दांडीशी थांबले. तिथं एक छोटासा पितळी तुकडा, कानशीनं घासून, छिद्र पाडून, सांध्यात बसवलेला होता. मूळ गाडीत असा तुकडा नाही. मी म्हटलं, "काढा की." त्यांनी चष्मा वर केला, तो सांधा दोन-तीनदा हलवून बघितला आणि म्हणाले, "नाय साहेब. हा ठेवायचा. झीज खेचून घेतोय तो. ज्यानं बसवला त्याला गाडी कळली होती."

त्यानंतर एकदा जुन्या गाड्यांचे एक जाणकार गाडी बघायला आले. त्यांच्या बोटांना अंगठ्या आणि खिशात छोटी पट्टी. त्यांना सगळं पसंत पडलं, पण पितळेचा तुकडा बघून त्यांचा चेहरा मासळीबाजारात शिळा बोंबील दाखवल्यासारखा झाला. "हे मूळचं नाही," ते म्हणाले. "कुर्ल्यातून निघाली तेव्हा हे नव्हतं." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "कुर्ल्यातून निघाली तेव्हा ती चाळीस वर्षं चालली पण नव्हती."

मोटारीच्या समीक्षेतला याहून मोठा सिद्धान्त मला कुठं भेटलेला नाही. गाडीवर दोन प्रकारचे हात पडतात. एक हात लांबी भरतो, दुसरा पितळेचा तुकडा घासतो. दोन्ही कुर्ल्याचे नव्हेत, दोन्ही प्रक्षिप्त. पण एकानं गाडीतलं दुखणं झाकलं आणि दुसऱ्यानं ते समजून घेतलं. गुलाबी रंगवाला लांबीचाच पुढचा अवतार, आणि पट्टी घेऊन येणारा जाणकार तुकड्यालाही लांबीच समजतो. गाडीची शुद्ध प्रत करायची म्हणजे लांबी काढायची आणि तुकडा ठेवायचा. बाकी रंगाची छटा बरोबर तीच आहे का, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा, मी चहा पाजीन.

आता हिशेब. गाडी चाळीस हजारांना घेतली. पत्रा आणि रंग यांचे शहाण्णव हजार, इंजिनाचे चौतीस, वायरिंग, ब्रेक, रबर आणि गादीकाम मिळून अठ्ठावीस. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. सहा वर्षांवर वाटले तर महिन्याला दोन हजार सातशे पन्नास. मी घरी म्हटलं, "म्हणजे एक रिकरिंगच म्हण की." सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, रिकरिंग मुदत संपली की परत मिळतं." बँकेत अठरा वर्षं काढूनही या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेट्रोलचा खर्च मी वेगळा मांडत नाही, कारण तो मांडला की हा लेख विनोदी राहणार नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ साली गाठलं गेलं. जुन्या रबरी नळ्यांना आणि पडद्यांना ते मानवत नाही, त्यामुळे त्या बदलून घ्याव्या लागतात. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या बाईला साठीच्या घरात डॉक्टरनं रोज थोडी घ्यायला सांगावी, तशी तिची अवस्था आहे.

सरकारचीही एक समीक्षा आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की ती संशयित. दर पाच वर्षांनी तपासणी, नवी नोंदणी आणि पर्यावरण कर. मी तिन्ही भरतो. मग २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरची आणि फार फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला सन्मान, वेगळा नंबर, सगळं काही. मात्र रोजच्या वापरासाठी तिनं रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, मेळावा अशा निमित्तानं यावं. माझी गाडी २०३४ साली पन्नाशीची होईल. तोपर्यंत ती संशयित, आणि त्यानंतर पूज्य. चालण्याची परवानगी संशयितालाच. आमच्याकडच्या निवृत्त साहेबांचंही असंच होतं. नारळ, शाल, भाषण, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरच्या आत येऊ नका.

मला हा नियम वाईट वाटत नाही, अपुरा वाटतो. कारण पद्मिनी जपायची म्हणजे तिचा पत्रा जपायचा अशी त्यामागची समजूत आहे. पत्रा तर कशानंही जपता येईल. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरात फोटो आले, स्मरणरंजनवाद्यांनी डोळे पुसले. आमच्या मिस्त्रींनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "आता सामान बनवणारे पण थांबतील." त्यांना फोटोत गाडी दिसली नाही, पुढचं दिसलं. टॅक्सी होती तोवर तिचे वाशर, रिंगा, टॅपेट, कार्ब्युरेटरचे जेट बनवणारे होते, विकणारे होते आणि लावणारे होते. टॅक्सी हा तिचा वाचकवर्ग होता. तो गेला.

मोडी लिपीचं आपल्याकडे हेच झालं. दप्तरखान्यांत मोडीची कागदपत्रं रुमालांत बांधून नीट ठेवलेली आहेत. कागद टिकले, वाचणारे घटले. मग बापजाद्यांच्या जमिनीचा एखादा कागद घेऊन माणूस गावभर फिरतो, आणि कागद अगदी स्वच्छ असूनही त्यात काय लिहिलंय ते कोणाला सांगता येत नाही. पद्मिन्या तशा राहतील. पाच-पंचवीस संग्रहालयांत, लग्नाच्या हॉलबाहेर, हॉटेलांच्या दारात. चकचकीत आणि अवाचनीय.

आणि मला वाटतं, ही गाडी वाचता येते हाच तिचा एकमेव मोठा गुण. वेगात ती मागं, आरामात मागं, सुरक्षिततेत तर फारच मागं. पण बॉनेट उघडलं की आत काय चाललंय ते सगळं समोर दिसतं. हवा कुठून येते, पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठं पडते. एक पान्हा, एक पेचकस आणि थोडी चिकाटी एवढ्यावर साध्या माणसाला ती समजत जाते. मी नवी गाडी दुरुस्तीला नेली की तिथला मुलगा तिला स्कॅनर लावतो आणि गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते. फार सोयीचं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पद्मिनीला बोलता येत नाही. तिची नाडी बघावी लागते. नाडी बघणारे हात एकाहत्तर वर्षांचे झाले आहेत, आणि हात संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

म्हणून कर्जखात्यातल्या मित्राला माझं उत्तर असं, की मी सहा वर्षांत एक लाख अठ्ठ्याण्णव हजार खर्च केले ते आठवणींवर केलेले नाहीत. मिस्त्रींचा नातू आय.टी.आय.ला आहे. रविवारी तो येतो, कारण त्या गॅरेजात आता अशी गाडी नेमानं येते ती एकच. परवा मिस्त्रींनी त्याला कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट बसवायला सांगितली. त्यानं मापाच्या पट्ट्या आणल्या. मिस्त्रींनी त्या खिशात टाकल्या आणि हातात एक जुनं पोस्टकार्ड दिलं. पोरानं फट बसवली, गाडी सुरू केली. "उघड," मिस्त्री म्हणाले. त्यानं उघडली, पुन्हा बसवली. "उघड." तिसऱ्यांदा इंजिन असं काही एका सुरात लागलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पंथातला माणूससुद्धा थांबला असता. मिस्त्रींनी खिशातल्या पट्ट्या काढून फट मोजली, काही न बोलता पट्ट्या त्याला परत दिल्या, आणि मला म्हणाले, "चहा सांगा साहेब."

बँकेच्या वहीत या व्यवहाराला रकाना नाही. नसू दे. पुढच्या रविवारी ब्रेकचा अध्याय लावायचा आहे.